साहेबांना भेटायला कोणीही जायचं नाही

"मला भेटायला कोणीही यायचं नाही," साहेब फोनवर म्हणाले. "शब्द दे."

मी म्हणालो, "हो साहेब."

या 'हो'वरून पुढे बराच बोभाटा झाला, म्हणून आधीच खुलासा करून टाकतो. आम्हा जावा बेटावरच्या लोकांचं 'हो' खोटं नसतं. वरिष्ठ माणूस काही बोलला की आपण 'हो' म्हणतो. त्याचा अर्थ असा की तुमचं म्हणणं माझ्या कानापर्यंत पोचलं आणि तुमच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पुढे प्रत्यक्षात काय करायचं तो विषय वेगळा. माझे वडील जन्मभर सगळ्यांना 'हो' म्हणत आले आणि गावात सज्जन म्हणून गेले. पण इल्मारीसाहेब पडले फिनलंडचे. त्यांच्याकडे 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही, असा सगळा उघडावाघडा कारभार असतो म्हणे.

मी हार्जितो. सेमारांगला त्या फिनलंडच्या कंपनीचं जे ऑफिस आहे, त्याची व्यवस्था माझ्याकडे असते. जेपाराच्या कारखान्यांतून सागवानी खुर्च्या येतात, त्या आम्ही उलट्यासुलट्या करून तपासतो आणि बोटीवर चढवतो. साहेब आमचे प्रमुख. ताडमाड उंच, स्वभावाने सरळ, पण बोलायचं म्हणून नाही. एक गोष्ट एकदाच सांगायची आणि मग गप्प बसून समोरच्याकडे पाहत राहायचं, ही त्यांची पद्धत. आम्हाला शांततेची सवय नाही. आमच्या हिशेबनीस बू मूर्नी, म्हणजे मूर्नीबाई, एकदा त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये अडकल्या, तर शांतता सहन न होऊन त्यांनी साहेबांना स्वतःच्या पित्ताशयातल्या खड्यांची साद्यंत हकिकत सांगितली. साहेब म्हणाले, "असं का." एवढंच.

तर हे साहेब टायफॉइडने आडवे झाले आणि रुग्णालयात भरती झाले. ती वेळच नेमकी नाजूक होती. वर्षअखेरीला साहेब मायदेशी परतणार होते. त्यांच्या जागी कोण बसणार हे सिंगापूरच्या वरिष्ठ बाई ठरवणार होत्या, आणि त्या साहेबांचं मत विचारणार होत्या. एक तर मी, नाहीतर जकार्ताहून केसांना चोपडून तेल लावलेला कुणीतरी पोरगा. इतकी वर्षं या ऑफिसात मी खुर्च्या तपासतो आहे, पण त्यातली एक माझ्या नशिबात आहे की नाही हे साहेबांच्या एका शब्दावर ठरायचं होतं. आणि साहेबांना माणसात सगळ्यात जास्त काय आवडतं? तर दिलेला शब्द पाळणं. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की या खेपेला 'हो' म्हणजे फिनलंडचं हो.

संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला सहज म्हणून सांगितलं. इथेच चुकलं.

"म्हणजे तुम्ही जाणार नाही?" लास्त्रीने हातातली पळी खाली ठेवली.

"तेच नको म्हणाले."

"तापात माणूस काहीही म्हणतो."

"अगं, शब्द घेतलाय माझ्याकडून."

"अहो, त्या बिचाऱ्याची आई तिकडे फिनलंडात. उद्या तिला कोणी सांगितलं की तुमच्या लेकाच्या खाटेपाशी चिटपाखरू फिरकलं नाही, तर ती काय म्हणेल? तिथे तो हार्जितो नावाचा माणूस होता ना, तो काय करत होता, असं म्हणेल!"

फिनलंडमधल्या एका म्हाताऱ्या बाईने माझं नाव घेऊन असं काही म्हणावं, हे मला बरं वाटेना. शिवाय लास्त्रीचं चूक नव्हतं. आमच्याकडे एक वेळ सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेला नाहीत तर खपून जातं, पण ओळखीचा माणूस रुग्णालयात आणि तुम्ही घरी, हे लोक विसरत नाहीत. माझा एक चुलतभाऊ असाच कुणाला तरी भेटायला जायचा राहिला होता, त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ती गोष्ट निघाली.

रात्रभर विचार करून मी तोड काढली. एकट्याने जायचं. आत जायचंच नाही. दाराच्या काचेतून साहेबांना डोळे भरून पाहायचं आणि आल्या पावली परत यायचं. काचेतून पाहणं म्हणजे काही भेटणं नव्हे, त्यामुळे शब्दही राहिला आणि फिनलंडची म्हातारीही गप्प. सकाळी लास्त्रीला ही योजना सांगितली, तर तिने एवढंच विचारलं, "रिकाम्या हातांनी?"

बास. हातात काही घेतलं की ते कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं, आणि ते काही काचेतून देता येत नाही. पण ही अक्कल मला त्या वेळी सुचली नाही. लास्त्री संत्री आणायला कोपऱ्यावर गेली. फळवाल्याचं दुकान आमचे गल्लीप्रमुख पाक कार्तोनो, म्हणजे कार्तोनोराव, यांच्या घराला लागून आहे. ती संत्री घेऊन परत आली तेव्हा मागोमाग पाक कार्तोनोही आले.

"पाक हार्जितो, हे मी काय ऐकतोय? आपला इल्मारी आजारी?"

'आपला' म्हणायला कारण होतं. मागच्या स्वातंत्र्यदिनाला मी साहेबांना आमच्या गल्लीत बोलावलं होतं. दोरीला टांगलेला पापड हात न लावता खायच्या स्पर्धेत ते उतरले. दोरी त्यांच्या छातीपाशी येत होती, म्हणून ते गुडघ्यांवर बसले आणि एक चकार शब्द न काढता पहिले आले. त्या दिवसापासून गल्लीने त्यांना दत्तक घेतलं होतं.

"टायफॉइड ना? मग गांडूळ," पाक कार्तोनो म्हणाले.

"गांडूळ तर आहेच," लास्त्री म्हणाली, "पण काढा करून की कॅप्सूल?"

"काढ्यासारखा गुण कॅप्सूलला नाही."

"काढ्याला वास येतो हो. परदेशी माणूस आहे. वासानेच उठून बसायचा."

"उठून बसला म्हणजे गुण आलाच की!"

यावर बराच खल झाला. शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी आल्या, त्यांनीही आपापल्या घरातले टायफॉइड सांगितले. शेवटी वाळवलेल्या गांडुळांच्या पुडीच्या कॅप्सूलवर एकमत झालं. मला स्वतःला गांडुळाचा लहानपणापासून तिटकारा आहे. आईने एकदा नाक दाबून पाजलं होतं, त्याची चव अजून गेलेली नाही. पण माझं मत कोणी विचारलं नाही.

"मात्र फार गर्दी नको," मी म्हणालो. "साहेबांना शांतता लागते. आणि रुग्णालयाचेही नियम असतात."

"अगदी बरोबर," पाक कार्तोनो म्हणाले. "मी एकटाच येतो."

ते 'एकटाच' म्हणाले तेव्हाच मी समजायला हवं होतं. पाक कार्तोनोही जावाचेच.

ऑफिसात मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त ड्रायव्हर तुकीमानला सांगितलं, कारण जायला गाडी लागणार. अर्ध्या तासाने बू मूर्नी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी.

"आम्ही तुमचे कोणी नाही का, पाक?"

"असं कसं बू, तुम्ही तर..."

"माझे खडे निघाले तेव्हा तुम्ही सगळ्यांना घेऊन आला होतात. मी शुद्धीवर आले ते तुमचा चेहरा बघून. आणि आज तुम्ही एकटे निघालात, आम्हाला न सांगता?"

त्यांच्या मागे खुर्च्या तपासणारी सगळी मंडळी उभी होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती, की मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला आहे. मी त्यांना साहेबांचा निरोप सांगितला. सगळे एकमुखाने म्हणाले, "हो, बरोबर आहे त्यांचं." आणि कोणती फळं न्यायची याची चर्चा सुरू झाली.

आता अडचण अशी, की भेटीची वेळ दुपारची आणि आमचं ऑफिस संध्याकाळपर्यंत. कामाच्या वेळात सगळ्यांनी बाहेर जायचं तर प्रमुखांची परवानगी लागते. प्रमुख रुग्णालयात. प्रमुखांना भेटायला जाण्याची परवानगी त्यांच्याकडेच मागायची, तर ते आधीच नाही म्हणून बसलेले. प्रमुख नसतील तर सिंगापूरला विचारायचं, आणि तिथल्या बाईंना काय सांगणार? शेवटी बू मूर्नींनी सुचवलं की 'बाहेरची तपासणी' असं कारण लिहू या. आम्ही नेहमी कारखान्यांत तपासणीला जातोच. मी म्हणालो, हे खोटं आहे. त्या म्हणाल्या, साहेबांची तब्येत तपासायचीच आहे की. मी तसंच लिहून पाठवलं. सिंगापूरहून पाच मिनिटांत होकार आला आणि शेवटी 'माल नीट तपासा' असंही होतं.

तुकीमानच्या मेहुण्याची मिनीबस ठरली. ठरलेल्या वेळी माझ्या घरापाशी जमायचं होतं. मी ठेवणीतला बाटिकचा सदरा घातला, लास्त्रीने तो दोनदा इस्त्री केला होता. पाक कार्तोनो एकटेच आले, म्हणजे बायको, मेहुणी, गल्लीच्या महिला मंडळाच्या पाच-सहा जणी आणि एक मौलवी धरून एकटेच. ऑफिसची मंडळी आली. बिस्किटांचे डबे, संत्री, दुधाचे डबे, एक अख्खा फणस. फक्त मिनीबस आली नाही. ती सकाळीच कुणाच्या तरी सुंतेच्या जेवणावळीला गेली होती. "पण मेहुण्याने दुसरी गाडी पाठवली आहे," तुकीमान म्हणाला, आणि माझ्या नजरेला नजर देईना.

दुसरी गाडी म्हणजे ससागाडी. सेमारांगच्या गल्ल्यांतून संध्याकाळी पोरांना फिरवते ती. पुढे पत्र्याचं भलंमोठं सशाचं डोकं, त्याला गुलाबी कान, मागे उघडे डबे, डब्यांना रंगीत दिवे आणि भोंग्यावर पोरांची गाणी.

"मी यात बसणार नाही," मी म्हणालो. ऑफिसच्या होऊ घातलेल्या प्रमुखाला काही मानमरातब आहे की नाही?

"मग चालत या," लास्त्री म्हणाली आणि पहिल्या डब्यात चढलीसुद्धा. महिला मंडळ तर आधीच बसलं होतं.

मी मौलवींच्या शेजारी फणस मांडीवर घेऊन बसलो. "ते गाणं तेवढं बंद कर रे," मी तुकीमानला ओरडून सांगितलं.

"बंद नाही होत, पाक! इंजिनालाच जोडलंय. गाणं बंद झालं की गाडी बंद!"

मोठ्या रस्त्याला लागलो आणि वाहतूक पोलिसाने हात केला. ससागाडीला मोठ्या रस्त्यावर बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. मी सशाच्या डोक्याआड तोंड लपवायचा प्रयत्न केला.

"काय हो, वरात निघाली का कुणाची?" पोलिसाने विचारलं.

"आजाऱ्याला भेटायला चाललोय," पाक कार्तोनो म्हणाले. "यांचे साहेब आहेत. परदेशी. इथे त्यांचं कोणी नाही."

पोलिसाचा चेहरा उतरला. "अरेरे. काय झालंय?"

"टायफॉइड."

"गांडूळ घेतलंय ना?"

महिला मंडळाने बाटली उंच धरून दाखवली. पोलिसाने मान डोलावली, आम्हाला बाजारामागच्या रस्त्याने वळवलं आणि पहिल्या वळणापर्यंत स्वतः मोटारसायकलवर पुढे आला. अशा रीतीने पोलीस बंदोबस्तात, गाणी वाजवत, शांततेची आवड असलेल्या माणसाला भेटायला आम्ही रुग्णालयाच्या दारात उतरलो.

दारावर रखवालदार. एका रोग्याला एका वेळी दोनच माणसं, दोनच पास. मला तर हायसं वाटलं. नियमापुढे कोणाचं काय चालणार? मी आणि लास्त्री आत जाणार, बाकीचे बाहेरून सद्भावना पाठवणार. पण बू मूर्नी हिशेबाच्या बाई. त्यांनी दोन पासांवर वीसेक माणसं कशी बसवायची याचा तोडगा काढला. दोघांनी पास दाखवून आत जायचं आणि बागेच्या भिंतीवरून पास परत बाहेर द्यायचे. भिंत काही फार उंच नव्हती. रखवालदार तिच्यापासून चार हातांवर उभा होता आणि मोठ्या एकाग्रतेने झाडावरचा पक्षी पाहत होता. फणस आत जाईपर्यंत तो पक्षी पाहत राहिला.

मी सगळ्यांच्या पुढे होतो, कारण मला काचेतून पाहून परतायचं होतं. पण दाराला काचच नव्हती. पडदा होता, आणि मागून ढकलाढकली चालली होती. तिने मला पडद्यासकट आत आणून उभं केलं.

खोलीत दोन खाटा. एकीवर एक बकऱ्यांचा व्यापारी, भोवती त्याचं खटलं, चटई टाकून जेवत बसलेलं. दुसरीवर साहेब. कानांत इअरफोन, हातात पुस्तक. गाल बसलेले, दाढी वाढलेली. मला खरंच गलबलून आलं.

साहेबांनी इअरफोन काढले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, फणसाकडे पाहिलं.

"हार्जितो," ते म्हणाले, "तू हो म्हणाला होतास."

"हो साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी पुस्तक मिटलं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या व्यापाऱ्याची बायको उठली आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. "तुम्ही यांचे लोक का? इतके दिवस कुठे होतात? आम्हाला वाटलं याला जगात कोणी नाही. माझी सून याला पेज करून आणते. लाज नाही वाटत?"

वाटत होती. सगळीकडून वाटत होती. न आल्याची आणि आल्याची, दोन्ही एकदम.

त्यानंतर सगळं रीतसर पार पडलं. महिला मंडळाने साहेबांचे पाय चेपले. बू मूर्नी त्यांना धीर द्यायला गेल्या.

"काळजी करू नका, साहेब. माझ्या दिराला असाच टायफॉइड झाला होता. फार गुणी माणूस होता."

"होता?" साहेबांनी विचारलं. आमची भाषा त्यांना जेमतेम येते, पण भूतकाळ कळतो.

मौलवींनी दुआ मागितली. मौलवी मोकळ्या मनाचे, त्यांनी साहेबांबरोबर व्यापाऱ्यासाठी, आम्हा सगळ्यांसाठी आणि खुर्च्यांच्या निर्यातीसाठीही मागितली. मग पाक कार्तोनोंनी कॅप्सूलची बाटली साहेबांच्या हातात ठेवली.

"हे काय आहे?" साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं.

"गावठी औषध, साहेब."

"वनस्पती?"

खरं सांगितलं तर पाक कार्तोनोंचा अपमान, खोटं सांगितलं तर पुन्हा शब्दाचा प्रश्न. "साधारण वनस्पती," मी म्हणालो. "जमिनीतून येतं." साहेबांनी बाटलीकडे नीट पाहिलं आणि ती कपाटाच्या खणात ठेवून दिली.

शेवटी फोटो. आजाऱ्याबरोबर सगळ्यांचा अंगठे वर केलेला फोटो काढल्याशिवाय भेट पुरी होत नाही. साहेब मधे, सगळे भोवती, फणस पायथ्याशी. बाहेर आल्यावर ससागाडीसमोर आणखी एक. तुकीमानने उत्साहाने दोन्ही फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपवर सिंगापूरच्या बाईही आहेत, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. 'बाहेरच्या तपासणी'वर गेलेला आपला सगळा कर्मचारीवर्ग एका गुलाबी कानांच्या सशापुढे अंगठे दाखवतो आहे, हे बाईंनी जेवणाच्या टेबलावर पाहिलं. त्यांचं उत्तर आलं, "हा ससा कोण?"

मी उत्तर लिहायला बसलो आणि मध्यरात्रीपर्यंत लिहून झालं नाही. मनस्ताप गिळायला रुग्णालयाच्या दाराशी हातगाडीवर तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तेवढी खाल्ली होती.

साहेब बरे होऊन कामावर आले. मला पाहून म्हणाले, "सुप्रभात, हार्जितो." पुढे गप्प. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढल्या आठवड्यात, तसंच. आता आमच्याकडे माणूस रागावला की गप्प होतो, हे कळायला सोपं असतं. पण जो माणूस मुळातच गप्प, तो रागावला आहे हे कसं ओळखायचं? मी बू मूर्नींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आज 'सुप्रभात' जरा तुटक वाटलं." तुकीमान म्हणाला, गाडीत साहेब काचेबाहेर पाहत होते. ते नेहमीच पाहायचे, पण आज जास्त पाहत होते. जकार्ताचा तेलकट पोरगा मला स्वप्नात दिसू लागला. इतकी वर्षं नेकीने काम केलं आणि एका सशापायी सगळं घालवलं, असं मला मनापासून वाटायला लागलं.

आणि मग मला ताप भरला. टायफॉइड. हातगाडीवरचं टेंपे.

तेच रुग्णालय, फक्त खोली पलीकडची. मी अंथरुणावर उशा नीट लावून घेतल्या, पांघरूण सारखं केलं आणि लास्त्रीला म्हणालो, "खुर्च्या मागवून ठेव. चार वाजता मंडळी येतील."

चार वाजले, पाच वाजले, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. ऑफिसचं नाही आणि गल्लीचंही नाही. लास्त्रीने तुकीमानला फोन केला तेव्हा उलगडा झाला. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं होतं, "हार्जितोला आराम हवा. त्याला भेटायला कोणीही जायचं नाही. शब्द द्या." सगळ्यांनी 'हो' म्हटलं. आणि या वेळी बू मूर्नींनी बजावलं, की मागच्या खेपेला आपल्या हट्टापायी पाक हार्जितोंची बढती गेली, आता तरी साहेबांचं ऐका. गल्लीलाही त्यांनीच कळवलं.

म्हणजे माझ्या प्रेमापोटीच कोणी येत नव्हतं. पण ते शेजारच्या खाटेवाल्यांना काय माहीत? तिथे एका शाळामास्तरांची आई होती आणि तिला भेटायला अख्खी शाळा लोटत होती. जाताना एकेक जण माझ्याकडे दयेने पाहायचा. मास्तरांच्या बायकोने मला पेज आणून दिली. नर्सने लास्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, "यांचं कोणाशी भांडण आहे का हो?"

तिसऱ्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून झोपलो आणि रडलो. सांगायला लाज कसली? जन्मभर मी दुसऱ्यांच्या खाटांपाशी उभा राहिलो, आणि माझ्या खाटेपाशी एक रिकामं स्टूल होतं. साहेबांनी चांगला सूड उगवला, असं वाटलं. माझंच औषध मला उलटं पाजलं.

"अहो," लास्त्री म्हणाली, "ऐका."

दूर रस्त्यावर गाणं वाजत होतं. पोरांचं गाणं. ते जवळ आलं, आणखी जवळ आलं, रुग्णालयाच्या दारापाशी आलं आणि एकदम बंद पडलं. म्हणजे गाडी बंद झाली.

मी उठून बसलो. लास्त्रीने घाईघाईने माझे केस विंचरले.

दारातून वाकून पहिले साहेबच आत आले. हातांत दोन पास, काखेत फणस, सदऱ्याला भिंतीचा चुना लागलेला. मागून पाक कार्तोनो, बू मूर्नी, तुकीमान, महिला मंडळ, मौलवी. शाळामास्तरांची आई चष्मा लावून बघायला लागली. मी तिला मोठ्याने सांगितलं, "आमची माणसं! आमची!"

साहेब स्टुलावर बसले.  मग इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे आजाऱ्याला शांतता देतात. मला वाटलं, मी तुला सगळ्यात चांगली गोष्ट दिली. आज सकाळी बू मूर्नी माझ्यापुढे येऊन रडली. मी विचारलं, हार्जितोला काय हवं असेल? ती म्हणाली, 'सगळे.'"

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनाही दम लागला असावा, ते पुन्हा गप्प झाले. मग खिशातून एक बाटली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. तीच, सील न तुटलेली.

"साधारण वनस्पती," साहेब म्हणाले. "मी डॉक्टरांना विचारलं, काय आहे ते. घे."

पाक कार्तोनो कौतुकाने पाहत होते. सगळी गल्ली पाहत होती. मी कॅप्सूल तोंडात टाकली आणि पाण्याबरोबर गिळली. त्या घडीला मी काहीही गिळलं असतं.

"सिंगापूरहून विचारणा आली होती," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "हार्जितो दिलेला शब्द पाळतो का, असं. मी लिहिलं, नाही."

जकार्ताचा पोरगा माझ्या डोळ्यांपुढे खुर्चीत जाऊन बसला.

"पुढे लिहिलं, पण माणूस आजारी पडला तर हा येतो. नको म्हटलं तरी येतो, आणि सगळ्यांना घेऊन येतो. मी त्या खाटेवर तीन दिवस अनोळखी लोकांची पेज खाल्ली आहे. माझ्या जागेवर हाच बसेल, दुसरा कोणी नको. बाईंचं उत्तर आलं आहे. त्यांना सशाबद्दल अजून कळलेलं नाही, तेवढं तू कळव."

 लास्त्रीने ओढणीने डोळे पुसले आणि सगळ्यांना संत्री वाटायला लागली. मौलवींनी दुआ मागितली, फोटो झाला, साहेबांनीही अंगठा वर केला. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तसे सगळे उठले.

साहेब दाराशी थांबले. "उद्या परत येऊ का? सगळ्यांना घेऊन?"

"नको साहेब," मी म्हणालो. "कशाला उगाच सगळ्यांना त्रास? मी अगदी ठीक आहे. खरंच नको."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि तुकीमानकडे वळले.

"उद्या चार वाजता," ते म्हणाले. "तीच गाडी."